पोलीस शिपाई आणि फायरमन: नोकरीच्या पहिल्या वर्षात समजून घ्यायचे सेवानियम

मैदान मारलं, लेखी निघाली, वैद्यकीय झाली, अंतिम निवड यादीत नाव आलं, गावात पेढेही वाटून झाले. मग नेमणुकीचा आदेश हातात पडतो आणि बहुतेक मुलंमुली त्यातली एकच ओळ वाचतात: हजर कधी आणि कुठे व्हायचं. त्याखालच्या दहा-पंधरा अटी तशाच राहतात. पुढे पाच-सात वर्षांनी ज्ञापन (वरिष्ठांची लेखी विचारणा) येतं, वेतनवाढ अडकते, बदली होते किंवा जन्मतारखेचा घोळ उघडकीला येतो. तेव्हा तोच आदेश ट्रंकेतून शोधून काढावा लागतो.

महाराष्ट्रात नव्यानं रुजू होणारे पोलीस शिपाई आणि महापालिका-नगरपरिषदांच्या अग्निशमन दलातले फायरमन यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. दोघंही गणवेशातले, दोघांचीही नोकरी जिवावरची, आणि घटनास्थळी दोघं खांद्याला खांदा लावून उभे असतात. सेवानियमांच्या बाबतीत मात्र दोघांच्या वाटा पहिल्या दिवसापासून वेगळ्या आहेत. हे लक्षात न आल्यानं पुष्कळ जण चुकीच्या दारात जातात आणि तोवर मुदत निघून जाते.

पायरी १: आदेशावर सही कुणाची आहे ते पाहा

सगळं इथून सुरू होतं. तुमची नेमणूक ज्यानं केली तो तुमचा नियुक्ती प्राधिकारी. जिल्हा पोलिसांत तो पोलीस अधीक्षक असतो, आयुक्तालयात पोलीस आयुक्त किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी, आणि राज्य राखीव पोलीस दलात समादेशक. पोलीस शिपाई हा राज्य शासनाचा कर्मचारी आहे. त्यामुळे भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३११ चं संरक्षण त्याला मिळतं. नियुक्ती प्राधिकाऱ्यापेक्षा खालच्या दर्जाचा अधिकारी त्याला बडतर्फ करू शकत नाही किंवा नोकरीतून काढू शकत नाही. आरोप सांगून, चौकशी करून, म्हणणं मांडायची वाजवी संधी दिल्याशिवाय बडतर्फी किंवा पदावनती करता येत नाही. याला अपवाद आहेत. फौजदारी खटल्यात शिक्षा झाली असेल, चौकशी करणं व्यवहारात शक्यच नाही असं लेखी कारणांसह नोंदवलं असेल, किंवा राज्याच्या सुरक्षेचा प्रश्न असेल तर चौकशीविना कारवाई होऊ शकते. यातला मधला अपवाद पोलिसांच्या बाबतीत बऱ्याचदा वापरला जातो. म्हणून ‘३११ आहे, कोण हात लावतो’ या भरवशावर राहू नये.

फायरमनचं चित्र निराळं आहे. संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा हा नागरी स्थानिक संस्थांचा विषय आहे. त्यामुळे पुण्याचा फायरमन पुणे महानगरपालिकेचा नोकर आहे, राज्य शासनाचा नाही. मुंबईला १८८८ चा मुंबई महानगरपालिका अधिनियम लागू होतो, बाकीच्या महापालिकांना १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, आणि नगरपरिषदांना १९६५ चा अधिनियम. नगरपरिषदांमध्ये अग्निशमन सेवेचा राज्यस्तरीय संवर्गही आहे. त्यात निवड झाली असेल तर एका गावातून दुसऱ्या गावात बदली होणार हे गृहीत धरा. महापालिकेच्या फायरमनला बदली म्हणजे एका केंद्रावरून दुसऱ्या केंद्रावर. औद्योगिक विकास महामंडळाचं अग्निशमन दल आणखी वेगळं, त्याचे सेवाविनियमही वेगळे.

अनुच्छेद ३११ महापालिकेच्या कर्मचाऱ्याला लागू होत नाही. म्हणून तो उघड्यावर आहे असं मात्र नाही. १९४९ च्या अधिनियमातलं कलम ५६ शिक्षांबद्दल आहे आणि म्हणणं मांडायची संधी त्यातही द्यावीच लागते.

गोव्यात नोकरी लागलेल्यांसाठी एक खुलासा. तिथे अग्निशमन दल राज्य शासनाच्या संचालनालयाखाली चालतं. त्यामुळे पोलीस आणि फायरमन दोघंही शासकीय कर्मचारीच, आणि वर्तणूक-शिस्तीसाठी केंद्राचे सीसीएस (केंद्रीय नागरी सेवा) नियम वापरले जातात. पुढचं सगळं विवेचन महाराष्ट्राचं आहे.

पायरी २: साक्षांकन नमुन्यात काही लपवू नका

रुजू होण्याआधी किंवा लगेच नंतर चारित्र्य पडताळणीसाठी साक्षांकन नमुना भरून घेतात. तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता का, अटक झाली होती का, खटला चालू आहे का, असे प्रश्न त्यात असतात. कॉलेजात गणपतीच्या मिरवणुकीत मारामारी झाली, गुन्हा नोंदला गेला, पुढे तडजोड होऊन सुटका झाली, तर मुलं ‘आता ते संपलं’ म्हणून ‘नाही’ लिहून टाकतात. इथेच घात होतो. जुन्या गुन्ह्यापेक्षा तो लपवणं महागात पडतं.

सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये अवतार सिंग यांच्या प्रकरणात यावर सविस्तर निकाल दिला आहे. माहिती खरी द्यावी लागेल, लपवली तर नियुक्ती रद्द होऊ शकते, पण किरकोळ स्वरूपाच्या गुन्ह्यात नियोक्त्यानं तारतम्य वापरावं, असा त्याचा आशय आहे. म्हणजे खरं सांगितलं तर तुमच्या बाजूनं बोलायला जागा राहते. गुन्हा क्रमांक, कलमं, पोलीस ठाणं, न्यायालयाचा निकाल आणि त्याची तारीख हे सगळं लिहा आणि निकालाची प्रमाणित प्रत जोडा. प्रश्न नीट कळला नाही तर अंदाजानं ‘नाही’ लिहू नका.

आरक्षित जागेवर निवड झाली असेल तर जात वैधता प्रमाणपत्राचा पाठपुरावा पहिल्या आठवड्यापासून करा. पडताळणी समितीनं दावा अवैध ठरवला तर नोकरी जाते, आणि किती वर्षं सेवा झाली याचा फारसा उपयोग होत नाही. लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र, म्हणजे नमुना-अ, हेही गंमत म्हणून सही करायचा कागद नाही. २८ मार्च २००५ पासून हे नियम लागू आहेत आणि दोन हयात मुलांची अट त्यातून येते.

पायरी ३: सेवापुस्तक स्वतः डोळ्यांनी बघा

या पायरीवर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण नव्या माणसाच्या हातात असलेली ही सर्वात मोठी गोष्ट आहे आणि तिच्याकडे सर्वात जास्त दुर्लक्ष होतं.

सेवापुस्तक म्हणजे तुमच्या नोकरीची जन्मकुंडली. पहिल्या पानावर नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, शिक्षण, उंची, ओळखखूण आणि बोटांचे ठसे असतात. पुढे प्रत्येक नेमणूक, वेतनवाढ, बदली, रजा, बक्षीस आणि शिक्षा तारीखवार चढत जाते. ते आस्थापना शाखेच्या कपाटात असतं, पण नोंदी तुमच्या आहेत आणि त्या पाहून सही करणं अपेक्षितच आहे. लिपिक कामात बुडालेले असतात, त्यामुळे कुणी बोलावून दाखवेल याची वाट पाहू नका. वर्षातून एकदा साधा अर्ज द्या, वेळ मागा, शांतपणे पानं उलटा.

काय तपासायचं? आधी जन्मतारीख, शाळा सोडल्याच्या दाखल्याशी अक्षरशः ताडून. महाराष्ट्र नागरी सेवा (सेवेच्या सर्वसाधारण शर्ती) नियम, १९८१ मधल्या नियम ३८ प्रमाणे जन्मतारखेच्या नोंदीत बदल हवा असेल तर सेवेत आल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. पाच वर्षं उलटली की तो दरवाजा बंद. निवृत्तीच्या तोंडावर ‘शाळेत मास्तरांनी अंदाजे तारीख घातली होती’ हे सांगून काही होत नाही. शिपायाचं निवृत्तीचं वय ५८ आहे, म्हणजे एक चुकलेला आकडा अख्ख्या वर्षाचा पगार खाऊ शकतो.

मग नावाचं लेखन पाहा. आधार, पॅन, बँक खातं, दहावीचं प्रमाणपत्र आणि सेवापुस्तक यांत नाव एकसारखं हवं. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत देऊन नोंद करून घ्या. त्यानंतर प्रशिक्षणाचा कालावधी, रुजू दिनांक आणि तो दिवस पूर्वाह्न की अपराह्न हे बघा. अर्ध्या दिवसाचा फरक वाटायला क्षुल्लक आहे, पण ज्येष्ठता यादी आणि वेतनवाढीची तारीख अशाच नोंदींवर हलते. शेवटी रजेचा हिशेब आणि नामनिर्देशनं.

नामनिर्देशनाबद्दल कळकळीनं सांगतो. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर शासन सेवेत आलेल्यांना जुनी पेन्शन नाही. पगारातून १० टक्के कपात होते आणि शासन १४ टक्के घालतं. त्या खात्यावर, गटविम्यावर आणि उपदानावर (ग्रॅच्युइटीवर) वारस कोण हे वेगवेगळ्या नमुन्यांत लिहून द्यावं लागतं. अविवाहित असताना आई-वडिलांचं नाव लिहिलेलं असतं. लग्न होतं, मुलं होतात आणि नमुने तसेच राहतात. मग एखाद्या बंदोबस्तावर किंवा वर्दीवर (आगीच्या कॉलवर) माणूस दगावला की घरातली माणसं कार्यालयाच्या पायऱ्या झिजवत राहतात. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. अग्निशमन सप्ताह त्यांच्या स्मृतीत १४ एप्रिलला सुरू होतो. दर वर्षी त्या आठवड्यात आपापले वारस नमुने तपासायचा रिवाज प्रत्येक केंद्रावर पडायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

सेवापुस्तकाची छायाप्रत मागून घ्या. मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात स्वतःच्या नोंदी मागता येतात.

पायरी ४: परिविक्षा

नियुक्ती झाली म्हणजे कायम झालात असं नाही. आदेशात परिविक्षेचा (प्रोबेशनचा) कालावधी दिलेला असतो. त्या काळात काम समाधानकारक नसेल तर साध्या आदेशानं सेवा संपवता येते. पण आदेश साधा दिसत असला आणि मुळाशी गैरवर्तनाचा आरोप असला, तर चौकशीशिवाय काढता येत नाही. ही सर्वोच्च न्यायालयाची जुनी आणि पक्की भूमिका आहे. प्रशिक्षण केंद्रातली गैरहजेरी, परीक्षेतली कॉपी, मेसमधली भांडणं यांचे अहवाल याच काळात वर जातात, हे ध्यानात ठेवा. कालावधी संपला की परिविक्षा पूर्ण झाल्याचा लेखी आदेश मागा.

पायरी ५: रजा मागा, मिळाल्याशिवाय निघू नका

रजा हा हक्क म्हणून मागता येत नाही, हे महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्येच लिहिलेलं आहे. त्याच नियमांप्रमाणे अर्जित रजा वर्षाला ३० दिवस मिळते. १ जानेवारीला १५ आणि १ जुलैला १५ अशी ती खात्यावर जमा होते आणि ३०० दिवसांपर्यंत साठते. अर्धवेतनी रजा वर्षाला २० दिवस, प्रसूती रजा १८० दिवस. पोलीस शिपाई ते पोलीस निरीक्षक यांच्या किरकोळ रजा २०२२ मध्ये १२ वरून २० झाल्या. महापालिकेच्या फायरमनला त्या त्या महापालिकेचे सेवाविनियम लागू होतात. पुष्कळ महापालिकांनी राज्याचेच रजा नियम स्वीकारले आहेत, पण आस्थापनेला विचारून खात्री करा.

शिपायासाठी आणखी एक कलम महत्त्वाचं आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम २८ प्रमाणे रजेवर किंवा निलंबित नसलेला प्रत्येक पोलीस नेहमीच कर्तव्यावर असल्याचं मानलं जातं आणि त्याला राज्यात कुठेही कामाला लावता येतं. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी फोन आला तर ‘आज माझी सुट्टी’ एवढं उत्तर पुरत नाही. गणपती, निवडणूक, आषाढी वारी या काळात रजा बंद होतात. घरातलं लग्न ठरवताना बंदोबस्ताचं कॅलेंडर आधी डोळ्यांसमोर ठेवा.

आजारी पडलात तर त्याच दिवशी, ड्युटी सुरू होण्याआधी ठाणे अंमलदाराला कळवा, सिक पास घ्या आणि शासकीय दवाखान्यात दाखवा. गावी असाल आणि तिथेच आजारी पडलात तर तिथल्या शासकीय रुग्णालयाचा कागद घ्या. फोन केला असेल तर कुणाला आणि किती वाजता केला ते लिहून ठेवा, आणि लगेच व्हॉट्सअॅपवर दोन ओळी टाका. तोंडी निरोपाला पुढे साक्षीदार मिळत नाही. परत हजर होताना तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र लागतंच.

अनधिकृत गैरहजेरी हे शिपायांवरच्या कारवाईचं अगदी नेहमीचं कारण आहे. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कृष्णकांत परमार यांच्या प्रकरणात सांगितलं की गैरहजेरी जाणूनबुजून होती हे सिद्ध झाल्याशिवाय तिला कर्तव्यात कसूर म्हणता येत नाही. हा निकाल उपयोगी पडतो, पण ज्याच्याकडे कागद आहे त्यालाच.

फायरमनसाठी इथेच एक जोड. वर्दीवर गेल्यावर धूर लागला, पाय मुरगळला, होज ओढताना खांदा निखळला, तर दुखापत कितीही किरकोळ वाटली तरी केंद्रावर परतताच वॉच रूमच्या नोंदवहीत लिहून घ्या आणि दवाखान्याच्या कागदावर ‘कर्तव्यावर असताना’ असं नमूद करून घ्या. तीन महिन्यांनी खांद्याची शस्त्रक्रिया सांगितली तर ती कर्तव्यावरच्या दुखापतीमुळेच, हे त्या दोन नोंदींशिवाय दाखवता येत नाही. पोलिसांनी हीच नोंद ठाणे दैनंदिनीत करून घ्यावी.

पायरी ६: वागणुकीचे नियम

महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लहान पुस्तिकेत मिळतात. एका संध्याकाळी वाचून होतात. राजकीय पक्षात भाग नाही, खासगी धंदा नाही, हुंडा नाही, पहिली पत्नी वा पती हयात असताना परवानगीविना दुसरं लग्न नाही. मोठी खरेदी-विक्री कळवायची. गट क पर्यंतच्या कर्मचाऱ्यांनी दर वर्षी ३१ मार्चच्या स्थितीचं मत्ता व दायित्व विवरण ३१ मेपर्यंत द्यायचं. गावाकडे भावासोबत घेतलेली जमीन, बायकोच्या नावावरचा फ्लॅट, कर्जावर घेतलेली गाडी हे सगळं त्यात लिहा. आज लिहिलेली नोंद उद्या तुमच्या प्रामाणिकपणाचा पुरावा ठरते.

बदलीसाठी आमदारांचं शिफारसपत्र आणणं हाही नियमभंगच आहे. सगळे करतात म्हणून तो नियमात बसत नाही, आणि ते पत्र तुमच्याच फाईलला लागतं.

समाजमाध्यमांवर नव्या मुलांचा पाय सगळ्यात जास्त घसरतो. शासनानं जुलै २०२५ मध्ये यासाठी स्वतंत्र सूचना काढल्या आहेत. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवा, शासनाच्या धोरणावर टीका नको, गोपनीय कागद टाकू नका, आणि प्रोफाइलचा फोटो सोडला तर गणवेश, शासकीय वाहन, इमारत, बोधचिन्ह रीलमध्ये वापरू नका. बंबावर चढून किंवा लॉकअपसमोर केलेली रील दोन दिवस लाइक मिळवते आणि शीटवर, म्हणजे सेवेच्या नोंदीत, कायमची राहते.

संघटनेच्या बाबतीत दोघांतला फरक मोठा आहे. पोलिसांना १९६६ चा पोलीस दल (हक्कांवर निर्बंध) अधिनियम लागू आहे. मान्यतेशिवाय कामगार संघटनेचं सभासद होता येत नाही आणि वृत्तपत्रांशी परस्पर बोलता येत नाही. भंग केला तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईत पोलिसांचा उठाव झाला आणि त्यानंतर पोलीस कर्मचाऱ्यांच्या संघटनेचं पर्व संपलं. तेव्हापासून शिपायाचं गाऱ्हाणं सांगायची अधिकृत जागा म्हणजे दरबार (वरिष्ठ अधिकारी कर्मचाऱ्यांची गाऱ्हाणी ऐकतात ती बैठक) आणि अर्ज. फायरमन मात्र म्युनिसिपल कामगार संघटनेचा सभासद होऊ शकतो, आणि व्हावं असं मी सांगेन. संपाचा विषय आला की मेस्मा (अत्यावश्यक सेवांमधल्या संपाला मनाई करणारा राज्याचा कायदा) लागू झाला आहे का ते आधी विचारा.

पायरी ७: बदली आणि दुसरी परीक्षा

पोलीस अधिनियमात २०१४ साली झालेल्या दुरुस्तीनं कलम २२-न आलं. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ मधल्या प्रकाश सिंग निकालाचा तो परिणाम. शिपायाला एका नेमणुकीच्या ठिकाणी सर्वसाधारणपणे पाच वर्षं मिळतात आणि बदल्या पोलीस आस्थापना मंडळामार्फत होतात. मुदतीआधी बदली होऊ शकते, पण तिला कारण लागतं. आंतरजिल्हा बदली विनंतीवरून घेतली की नव्या जिल्ह्यात ज्येष्ठता यादीच्या तळाशी जावं लागतं. गावाजवळ जायच्या ओढीत हे विसरू नका.

बरेच शिपाई पुढे उपनिरीक्षकाची किंवा राज्यसेवेची तयारी करतात. जरूर करा. फक्त अर्ज कार्यालयामार्फत, योग्य मार्गानं करा आणि ना-हरकत घ्या. निवड झाली की तांत्रिक राजीनामा असा स्पष्ट उल्लेख करून राजीनामा द्या. साधा राजीनामा दिला तर मागची सेवा वाया जाते. आणि शिपायानं रागाच्या भरात ‘घ्या तुमची नोकरी’ म्हणून घरी निघून जाऊ नये. कलम २९ प्रमाणे लेखी परवानगीशिवाय राजीनामा देता येत नाही, कामही सोडता येत नाही. तसं केलं तर कलम १४५ खाली तो गुन्हा आहे.

पायरी ८: ज्ञापन आलं तर

नोकरीत कधी ना कधी प्रत्येकाला ज्ञापन येतं. घाबरू नका, आणि ते चुरगाळून खिशातही टाकू नका. घेताना पोच देताना तारीख आणि वेळ लिहा. दिलेल्या मुदतीत खुलासा द्या. मुदत पुरत नसेल तर मुदत संपायच्या आत वाढवून मागा. खुलासा दिला नाही तर ‘काही म्हणणे नाही’ असं समजून शिक्षा होते, आणि लहान शिक्षांची अशीच रास साठत जाते.

खुलासा कसा लिहायचा ते एका उदाहरणातून पाहू. समजा, १२ तारखेच्या दिवसपाळीला गैरहजर राहिल्याबद्दल ज्ञापन आलं आहे. बहुतेक जण लिहितात: ‘साहेब, माझी चूक झाली, पुन्हा असे होणार नाही, तरी मला माफ करावे.’ हा खुलासा नाही, ही कबुली आहे. पुढच्या चौकशीत तीच तुमच्याविरुद्ध वाचली जाते. त्याऐवजी असं लिहा:

‘दि. १२ रोजी सकाळी ८ ते रात्री ८ अशी माझी ड्युटी होती. त्या दिवशी पहाटेपासून मला ताप होता. सकाळी ६.४० वाजता मी ठाणे अंमलदार यांना दूरध्वनीवरून कळविले. ठाणे दैनंदिनीतील त्या वेळेची नोंद पडताळण्यात यावी. सकाळी १० वाजता ग्रामीण रुग्णालयात तपासणी केली. केसपेपर व प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. दि. १४ रोजी तंदुरुस्ती प्रमाणपत्रासह हजर झालो. सदर कालावधीची रजा मंजूर होण्यास विनंती आहे.’

वेळ, माणूस, नोंद, कागद आणि शेवटी मागणी. राग नको, विशेषणं नकोत, सहकाऱ्यावर ढकलणं नको. चूक खरंच झाली असेल तर ती कोणत्या परिस्थितीत झाली ते लिहा, खोटं कारण रचू नका. एक प्रत स्वतःकडे ठेवा आणि तिच्यावर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या.

पोलिसांच्या शिक्षा पोलीस अधिनियमाचं कलम २५ आणि मुंबई पोलीस (शिक्षा व अपिले) नियम, १९५६ यांत आहेत. ताकीद, ठपका, दंड, वेतनवाढ रोखणं या खालच्या बाजूच्या. पदावनती, सक्तीची निवृत्ती, सेवेतून काढणं आणि बडतर्फी या वरच्या बाजूच्या, आणि त्यांना रीतसर विभागीय चौकशी लागते. काढून टाकणं आणि बडतर्फी यांत फरक आहे: बडतर्फ झालेल्याला सर्वसाधारणपणे पुन्हा शासकीय नोकरी मिळत नाही.

पायरी ९: निलंबन आणि विभागीय चौकशी

निलंबन ही शिक्षा नाही, पण घर चालवणाऱ्याला ती शिक्षेपेक्षा जड जाते. निर्वाह भत्ता अर्धवेतनी रजेच्या पगाराइतका आणि त्यावर महागाई भत्ता मिळतो. तीन महिन्यांनंतर, विलंब तुमच्यामुळे झालेला नसेल तर, भत्ता वाढवता येतो. दुसरीकडे काम करत नसल्याचा दाखला दर महिन्याला द्यायचा आणि ठरवून दिलेलं मुख्यालय परवानगीविना सोडायचं नाही. तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिलं नाही तर निलंबन लांबवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये अजय कुमार चौधरी प्रकरणात सांगितलं. राज्य शासनाचा ९ जुलै २०१९ चा निर्णय त्यावरच आधारलेला आहे. ९० दिवस मोजा आणि पुनर्विलोकनाचा अर्ज द्या.

दोषारोपपत्र मिळालं की त्याची जोडपत्रं बघा: आरोप, आरोपांचा तपशील, कागदपत्रांची यादी, साक्षीदारांची यादी. यादीतल्या प्रत्येक कागदाची प्रत लेखी मागा. बचाव सहायक मागा. शक्यतो ज्यानं आधी दोन-चार चौकश्या हाताळल्या आहेत असा निवृत्त कर्मचारी. साक्षीदाराची उलटतपासणी टाळू नका. प्रत्येक दिवसाच्या कार्यवाहीवर सही करण्याआधी वाचा, आणि जे बोललात ते लिहिलं नसेल तर तिथेच हरकत नोंदवा. चौकशी अहवाल तुमच्याविरुद्ध गेला तर शिक्षेआधी त्याची प्रत मिळणं हा तुमचा हक्क आहे. १९९३ च्या करुणाकर प्रकरणात घटनापीठानं तसं ठरवलं आहे. न्यायालयातून निर्दोष सुटलात म्हणून विभागीय चौकशी आपोआप संपत नाही, कारण तिथे पुराव्याची मोजपट्टी वेगळी असते.

पायरी १०: दाद कुठे मागायची

आधी खात्यातलं अपील. पोलिसांसाठी पोलीस अधिनियमाचं कलम २७ आणि १९५६ चे नियम, महापालिकेत १९४९ च्या अधिनियमाच्या कलम ५६ खालची तरतूद. आदेश ज्या दिवशी हातात मिळाला ती तारीख त्याच कागदावर लिहून ठेवा, कारण मुदत तिथून धावते.

अपिलानंतर वाटा फुटतात. पोलीस शिपायाचं न्यायालय म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, मॅट. ते १९९१ पासून सुरू आहे आणि मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे त्याची पीठं आहेत. अंतिम आदेशापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. अपील करून सहा महिने झाले आणि उत्तर आलं नाही, तर ते सहा महिने संपल्यापासून एक वर्ष. मॅटच्या निकालावर उच्च न्यायालयात जाता येतं. थेट उच्च न्यायालय गाठलं तर बहुतेक वेळा ‘आधी मॅटकडे जा’ म्हणून परत यावं लागतं.

महापालिकेच्या फायरमनला मॅटचं दार नाही. नागपूर महापालिकेच्या १९६० मधल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं अग्निशमन विभाग उद्योगाच्या व्याख्येत धरला होता. त्या आधारावर कामगार किंवा औद्योगिक न्यायालयात १९७१ च्या अनुचित कामगार प्रथा कायद्याखाली तक्रार करता येते. तिची मुदत ९० दिवसांची आहे. शिपायाच्या एका वर्षाशी तुलना करून निवांत बसलात तर हेच दार बंद होतं. पर्यवेक्षकीय पदावर असाल, म्हणजे कामगार ठरत नसाल, तर उच्च न्यायालयात रिट याचिका. यातलं कोणतं लागू पडतं हे तुमचं पद, कामाचं स्वरूप आणि नेमणुकीचा आदेश पाहून ठरतं. म्हणून वकिलाकडे जाताना पहिला कागद नेमणुकीच्या आदेशाचा न्या, दुसरा सेवापुस्तकाच्या छायाप्रतीचा, आणि त्यानंतर ज्ञापनापासून अपिलापर्यंतचे सगळे कागद तारखेच्या क्रमानं लावलेले.